उन्हाळी सुट्टीतले शिकवणे आणि त्याचा मोबदला : नाशिकच्या कॉलेजांमागची शंभर वर्षांची पार्श्वभूमी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला धरून विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा नवा आराखडा जाहीर केला. त्यात आठ आठवड्यांच्या उन्हाळी सत्राची सोय आहे. पहिल्या वर्षाची ४० क्रेडिट (श्रेयांक, म्हणजे अभ्यास मोजायची एकके) मिळवून एखाद्याला शिक्षण थांबवायचे असेल, तर त्याने उन्हाळी सुट्टीत ४ क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम पुरा करायचा, म्हणजे त्याला प्रमाणपत्र मिळते. इंटर्नशिपही याच काळात बसवलेली आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या नाशिकच्या कॉलेजांत हे धोरण आता वर्गात पोचले आहे. त्यामुळे कॉलेज रोडपासून कळवण-सटाण्यापर्यंतच्या स्टाफरूममध्ये दोन प्रश्न विचारले जातात. सुट्टीत शिकवायचे कुणी? आणि शिकवले तर त्याचे पैसे कुठल्या खात्यातून?

दोन्ही प्रश्नांना सरळ उत्तर मिळत नाही, याला कारण आहे. आपल्याकडची वेतनाची सगळी रचना उन्हाळ्यात कॉलेज बंद असते असे धरून उभी राहिली. ते गृहीत कुठून आले आणि त्याची किंमत कोण मोजत आला, हे पाहायचे तर मागे जावे लागते.

नाशिकला पदवीचे शिक्षण आले ते १९२४ मध्ये. गोखले एज्युकेशन सोसायटीने सुरू केलेले हं. प्रा. ठा. (हंसराज प्रागजी ठाकरसी) महाविद्यालय तेव्हा मुंबई विद्यापीठाशी जोडलेले होते. पुणे विद्यापीठ स्थापन व्हायला अजून पंचवीस वर्षे होती. मुंबई विद्यापीठाचे वर्ष दोन सत्रांचे. पावसाबरोबर पहिले सत्र सुरू व्हायचे आणि दिवाळीला संपायचे, दुसरे उन्हाच्या तोंडाशी परीक्षेपर्यंत. त्यानंतर मोठी सुट्टी. मुले गावी जायची, वसतिगृहे रिकामी व्हायची. प्राध्यापकाचा पगार मात्र वर्षाचा ठरलेला आणि बारा महिन्यांत विभागलेला. मे महिन्याचा पगार ही कुणाची मेहेरबानी नव्हती, तो वर्षभराच्या कामाचाच भाग होता. वाचन, टिपणे, संशोधन, लेखन यांना हा वेळ लागतो हे तेव्हाच्या संस्थाचालकांना पटवून द्यावे लागत नसे. वसंत कानेटकरांसारखा नाटककार याच कॉलेजात शिकवत होता, ही नाशिकच्या अभिमानाची गोष्ट आहे. शिकवणाऱ्याला स्वतःचे काम करायला मोकळा काळ मिळाला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

सरकारी नियमांत हीच कल्पना वेगळ्या भाषेत आली. १ जानेवारी १९२२ पासून लागू झालेल्या मूलभूत नियमांत दीर्घ सुट्टी मिळणाऱ्या खात्यांचा वेगळा वर्ग केला होता. शाळा, कॉलेजे त्यात येत. तर्क साधा होता : ज्यांना वर्षातून मोठी सुट्टी पगारासह मिळते, त्यांना इतर नोकरांइतकी अर्जित रजा नाही, पण वरिष्ठांनी सुट्टीत कामावर बोलावले, तर वाया गेलेल्या सुट्टीच्या प्रमाणात रजा खात्यावर जमा करायची. महाराष्ट्राच्या १९८१ च्या नागरी सेवा (रजा) नियमांत हे तत्त्व राहिले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतही तेच दिसते. शिक्षकाला प्रत्यक्ष सेवेच्या तिसाव्या भागाइतकी अर्जित रजा, आणि सुट्टीत ज्या काळात काम करायला लावले त्याच्या एकतृतीयांश रजा जादा. साठवायची कमाल मर्यादा ३०० दिवस.

म्हणजे आपल्याकडे सुट्टीतल्या कामाची भरपाई रजेत होते, पैशांत नाही. शंभर वर्षांपूर्वी हे ठीकच होते, कारण सुट्टीत काम क्वचित निघायचे. ते क्वचित राहिले नाही, तिथून अडचण सुरू झाली.

मे महिन्यातले कॅप केंद्र, म्हणजे उत्तरपत्रिका एकत्र तपासण्याचे केंद्र, ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे सांगायला नको. केंद्रीय मूल्यमापनासाठी कॉलेजचा एखादा हॉल रिकामा करून टेबले मांडतात. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सीलबंद येतात, बारकोड तपासून वाटले जातात. परीक्षक सकाळी सही करून बसतो, तपासलेला गठ्ठा मॉडरेटरकडे जातो, गुणांची यादी जुळली नाही तर पुन्हा मोजणी. बाहेर नाशिकचे चाळिशीतले ऊन. जिल्ह्याच्या टोकाकडून येणारे प्राध्यापक पहाटेची एसटी धरतात. उत्तरपत्रिकेमागे मानधन मिळते, प्रवासभत्ता मिळतो, तो बहुतेक वेळा उशिरा. सुट्टी गेली त्याचे काय? एखाद्याची सुट्टीतली १८ दिवस ड्यूटी लागली, तर नियमाने त्याच्या खात्यावर ६ दिवस रजा जमा व्हायला हवी. पण त्याला प्राचार्यांचा लेखी आदेश हवा, मस्टरवर नोंद हवी आणि सेवापुस्तकात ती चढली पाहिजे. तोंडी बोलावलेल्याच्या हाती यातले काही नसते. कार्यालयातला अनुभवी हेडक्लार्क असेल तर तो स्वतःहून पत्र काढून ठेवतो. अशी माणसे प्रत्येक कॉलेजात नसतात.

सुट्टी आकसायला कायदाही कारण आहे. परीक्षेच्या कामात मदत करणे शिक्षकांवर बंधनकारक आहे, हे १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यातही होते आणि २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातही आहे. परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लावायचा. वार्षिक परीक्षा होत्या तोवर हे एकदाच करावे लागे. सत्र पद्धत आली, वर्षातून दोनदा परीक्षा, वर बॅकलॉगचे विद्यार्थी. एप्रिलचा पेपर मेमध्ये सरकला, मेचा जूनमध्ये. आयोगाच्या हिशेबात कॉलेज शिक्षकाच्या वर्षात अध्यापनाचे १८० दिवस, प्रवेश-परीक्षा-तयारीचे ६०, सुट्टीचे ६० आणि सार्वजनिक सुट्ट्यांचे १२ दिवस. कागदावरची ही साठ दिवसांची सुट्टी सलग घेतलेला प्राध्यापक आज शोधावा लागेल.

परीक्षेचे काम आणि पगार यांचा संबंध किती नाजूक आहे ते २०१३ मध्ये दिसले. फेब्रुवारी ते मे या काळात राज्यभरच्या प्राध्यापकांनी एमफुक्टो या प्राध्यापक संघटनांच्या महासंघाच्या हाकेवर परीक्षांवर बहिष्कार टाकला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेट या पात्रता परीक्षांचा प्रश्न, या मुख्य मागण्या होत्या. सरकारने ७१ दिवसांचा पगार रोखला आणि ते प्रकरण उच्च न्यायालयात गेले. नाशिकच्या कॉलेजांतही ‘एकाहत्तर दिवस’ म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही.

इथवरची गोष्ट कायम प्राध्यापकांची. त्यांची गाऱ्हाणी खरी आहेत, पण मेचा पगार त्यांच्या खात्यात पडतो. ज्यांच्या खात्यात तो पडत नाही, त्यांचा इतिहास जास्त कटू आहे आणि त्याबद्दल फारच कमी बोलले जाते.

हंगामी शिक्षकाला जूनमध्ये नेमायचे आणि उन्हाळी सुट्टी लागण्याआधी सेवा संपवायची, ही पद्धत देशभर जुनी आहे. पुन्हा जूनमध्ये त्याच माणसाला नवे नियुक्तीपत्र. काम तेच, वर्ग तोच, फक्त सुट्टीचा पगार वाचतो. हरियाणातल्या शाळाशिक्षकांच्या अशाच प्रकरणात, रतनलाल विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये या पद्धतीवर कडक शब्दांत ताशेरे ओढले. हे शिक्षक काम करत राहतील तोवर त्यांना उन्हाळी सुट्टीचे वेतन आणि भत्ते द्या, पात्र असतील त्यांना प्रसूती आणि वैद्यकीय रजाही द्या, असा आदेश दिला. दरवर्षी सेवा तोडून शिक्षकाला अनिश्चिततेत ठेवणे म्हणजे त्याचे शोषण आहे, हा त्या निकालाचा गाभा.

निकाल चाळीस वर्षांपूर्वीचा. आपल्या कॉलेजांत मात्र तोडण्याची गरजच उरली नाही, कारण तासिका तत्त्व आले. सीएचबीवरच्या (क्लॉक अवर बेसिस, म्हणजेच तासिका तत्त्वावरच्या) प्राध्यापकाला महिन्याचा पगार नसतोच, शिकवलेल्या तासाचे मानधन असते. तास नाही तर पैसे नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत नाहीत, परीक्षेच्या काळात नाहीत, एप्रिलअखेर ते जूनअखेर तर नाहीतच. सत्र संपले की नियुक्ती आपोआप संपते. कुणी काही तोडले असे म्हणायलाही जागा राहत नाही.

मुळात ही सोय तात्पुरती होती. कुणी दीर्घ रजेवर गेले, एखाद्या विषयाचा कार्यभार पूर्ण पदाइतका भरला नाही, तर थोडे तास भागवायचे. पुढे पदे रिक्त राहत गेली आणि तात्पुरती सोय कायमची झाली. २०१७ च्या भरतीबंदीनंतर २०१८ मध्ये सरकारने ३,५८० सहायक प्राध्यापक भरायला परवानगी दिली. त्यातली उरलेली २,०८८ पदे भरायला २०२१ मध्ये पुन्हा मान्यता द्यावी लागली. मधल्या वर्षांत वर्ग भरतच होते. ते कोण घेत होते, हे नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही ग्रामीण कॉलेजच्या वेळापत्रकावर दिसते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी अध्यापकासाठी व्याख्यानामागे १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये अशी मर्यादा सुचवली. राज्यातले तासिका दर वाढत गेले तरी त्याच्या खालीच राहिले. पण दर कितीही असो, उन्हाळ्यात तो शून्याने गुणला जातो. सुरगाणा, पेठ, निफाड, नांदगाव या भागांतले नेट-सेट किंवा पीएचडी झालेले तरुण मे महिन्यात सीईटीच्या खासगी क्लासला शिकवतात, नाहीतर घरच्या शेतात उन्हाळ कांदा काढून चाळीत भरायला हातभार लावतात. शेतीचे काम कमीपणाचे नाही. पण वर्षभर पदवीचे वर्ग ज्याच्या भरवशावर चालले, त्याला दोन महिने कॉलेजने ओळखच दाखवू नये, हे कुठल्याही न्यायाला धरून नाही. आणि त्याच काळात त्याला कॅपला बोलावले जाते, विषय शिक्षक म्हणून!

नाशिकमध्ये यापेक्षा वेगळी पद्धतही गेली तीन दशके चालू आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय गंगापूर धरणाजवळ गोवर्धनला आहे. त्याची अभ्यासकेंद्रे नेहमीच्याच कॉलेजांत असतात आणि संपर्क सत्रे बहुतेक रविवारी, सुट्टीच्या दिवशी होतात. शिकवणाऱ्याला तिथे समंत्रक म्हणतात आणि त्याला सत्रामागे मानधन मिळते. आठवडाभर कायम पगारावर शिकवणारा प्राध्यापक रविवारी समंत्रक म्हणून तेच शिकवतो, आणि त्या कामाचा मोबदला वेगळा धरला जातो. नियमित वेळापत्रकाबाहेरच्या शिकवण्याला किंमत असते, हे तत्त्व मुक्त विद्यापीठाने सहज स्वीकारले. मानधन थोडे असेल, पण हिशेब स्वच्छ आहे. वैद्यकीय कॉलेजांचा मार्ग तिसराच : रुग्णालय बंद ठेवता येत नाही, म्हणून शिक्षकांच्या सुट्ट्या दोन टप्प्यांत वाटतात.

ज्या देशांकडून उन्हाळी सत्राची कल्पना आली, तिथला पाया वेगळा आहे. अमेरिकेत हार्वर्डचे उन्हाळी वर्ग १८७१ पासूनचे. १८९२ मध्ये उघडलेल्या शिकागो विद्यापीठाने तर वर्षाचे चार भाग करून उन्हाळा हा त्यातलाच एक पूर्ण भाग केला. तिथल्या बऱ्याच विद्यापीठांत प्राध्यापकाचा करार नऊ महिन्यांचा असतो. पगार बारा हप्त्यांत घेता येतो, पण काम नऊ महिन्यांचे. उन्हाळ्यात शिकवायचे तर स्वतंत्र नियुक्ती, अभ्यासक्रमामागे मूळ पगाराचा ठरावीक टक्का किंवा ठोक रक्कम, विद्यार्थी पुरेसे आले नाहीत तर वर्ग रद्द, आणि एकूण उन्हाळी कमाईवर मर्यादा. त्यात शिक्षकाचे नुकसानही होते; वर्ग रद्द झाला की ठरलेले पैसे जातात. पण कुणाला बोलावायचे, किती द्यायचे, केव्हा रद्द करायचे, हे आधी लिहिलेले असते. आपण तिथून सत्र उचलले, हा मजकूर मागेच राहिला.

म्हणून नाशिकच्या कॉलेजांपुढचा पेच असा आहे : कायम प्राध्यापकाला उन्हाळी अभ्यासक्रम दिला, तर जुन्या नियमाने त्याला एकतृतीयांश रजा. आठ आठवडे पूर्ण शिकवले तर साधारण एकोणीस दिवस, तेही नोंद झाली तर. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला दिला, तर त्याची नियुक्ती त्या काळात अस्तित्वातच नसते. अनुदानित कॉलेजला सरकारकडून मिळणारे वेतन अनुदान नियमित पदांसाठी आहे. विद्यार्थ्यांकडून वेगळे शुल्क घ्यायचे म्हटले, तर एका वर्षात शिक्षण थांबवणारा विद्यार्थी बहुधा पैशांअभावीच थांबत असतो. त्याच्याच खिशात हात घालायचा का?

माझ्या मते सुरुवात तासिका तत्त्वापासून व्हावी. नियुक्तीचे आदेश सत्राऐवजी पूर्ण शैक्षणिक वर्षाचे काढावेत, उन्हाळी सत्राचे तास त्यात आधीच धरावेत आणि कॅपच्या दिवसांचा कामाच्या दिवसांत समावेश करावा. कायम प्राध्यापकांना रजा की मानधन, यातली निवड त्यांच्या हाती द्यावी. कॉलेजांनी याचा प्रस्ताव फेब्रुवारी-मार्चमध्येच विद्यापीठ आणि उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडे पाठवायला हवा, कारण सत्र संपून नियुक्तीची मुदत सरली की त्याच शिक्षकाला वर्गावर बोलवायला नव्याने मान्यता घ्यावी लागते, आणि ती येईपर्यंत आठ आठवडे निघून जातात.