ट्रिंगल आणि व्हॅलन्स : पलंगाची दांडी आणि पलंगाची झालर

इंग्रजीत ट्रिंगल असा एक शब्द आहे. तो आता इतका दुर्मीळ झाला आहे की छापलेला दिसला तरी वाचणाऱ्याला तो ट्रायअँगल या शब्दातले एक अक्षर गळून झालेला मुद्रणदोष वाटतो. त्रिकोणाशी मात्र त्याचा काहीही संबंध नाही. जुन्या चौखांबी पलंगाचे पडदे कड्यांच्या आधाराने ज्या दांडीवरून मागेपुढे सरकत, ती दांडी म्हणजे ट्रिंगल. पलंगाच्या त्याच वरच्या कडेला व्हॅलन्स नावाची आणखी एक वस्तू असते. जुन्या पलंगांच्या वर्णनांत हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आले की अनुवादात दोहोंसाठीही ‘पडद्याची पट्टी’ असे काहीतरी मोघम लिहिले जाते. वास्तविक मराठीत या दोन वस्तू स्वच्छ वेगळ्या करणारे शब्द आहेत : ट्रिंगल ही दांडी आहे आणि व्हॅलन्स ही झालर.

फरक कामाचा आहे. दांडी पडद्याचे वजन पेलते, झालर ती दांडी झाकते. सोळाव्या-सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये श्रीमंत घरच्या पलंगाला चार खांब, वर छत आणि बाजूंनी जाड पडदे असत. एका खोलीतून दुसरीत जावे लागे, नोकरही पुष्कळदा त्याच खोलीत झोपत आणि हिवाळ्यात शेकोटीची ऊब पलंगापर्यंत पुरत नसे. त्यामुळे पडदे ओढून घेतले की पलंग हीच खोलीतली एक छोटी, उबदार आणि खाजगी खोली होई. हे पडदे रोज ओढायचे आणि सारायचे असल्यामुळे दांडी गुळगुळीत आणि मजबूत असावी लागे. झालर मात्र जागची हलत नसे. छताच्या कडेला ती कायमची लावलेली असे, आणि अनेक पलंगांना बाहेरून एक व आतून एक अशा दोन झालरी असत. त्या दोहोंच्या मधल्या फटीत दांडी आणि तिच्यावरच्या कड्या पूर्णपणे दडून जात.

आपल्याकडच्या जुन्या घरांत स्वयंपाकघराच्या दाराला दोन खिळ्यांमध्ये ताणलेली स्प्रिंग असे, तिच्या दोन्ही टोकांना आकडे असत आणि ती पडद्याच्या नेफ्यातून ओवलेली असे. काही वर्षांनी ती मधोमध झोल खाई आणि पडदा जमिनीला टेकू लागे. त्या स्प्रिंगचे काम ट्रिंगलचेच होते. झालर त्या दाराला नव्हती, म्हणूनच स्प्रिंग उघडी दिसे. आजच्या दिवाणखान्यात सुतार खिडकीवर जे लाकडी पेलमेट ठोकून देतात, ते मात्र झालरीच्या कुळातले आहे. कापडाच्या जागी फळी आली, काम झाकण्याचेच राहिले. ‘पेलमेटवर पडदा लावला’ असे आपण सर्रास म्हणतो, पण पडदा असतो आतल्या दांडीवर.

शब्दांच्या नशिबातही फरक पडला. ट्रिंगल हा शब्द इंग्रजीने फ्रेंचमधून घेतला आणि जवळपास टाकून दिला. फ्रेंचमध्ये तो आजही रोजच्या वापरात आहे. पडद्याची दांडी विकत घेणारा फ्रेंच माणूस दुकानात हाच शब्द उच्चारतो, आणि सायकलच्या टायरच्या कडेत जी तार असते तिलाही तो ट्रिंगलच म्हणतो. व्हॅलन्स मात्र इंग्रजीत टिकून आहे.

वस्तूंचेही तसेच झाले. त्या काळी पलंगाच्या लाकडापेक्षा त्यावरचे कापड पुष्कळदा अधिक महाग असे, आणि झालर तर नजरेच्या पातळीच्या वर, सर्वांना दिसणारी. म्हणून तिच्यावर पुराणकथांतील आणि बायबलमधील प्रसंग भरतकामाने काढले जात. अशा सुट्या झालरी आज संग्रहालयांत चित्रांसारख्या मांडलेल्या दिसतात. दांड्यांच्या वाट्याला हा मान आला नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण दांडीवाचून पलंगाचा पडदा सरकलाच नसता.

या कापडाचा भारताशी थेट संबंध आहे. अठराव्या शतकातील इंग्रज नट डेव्हिड गॅरिक याच्या पलंगाचे रंगीत छिटाचे पडदे मच्छलीपट्टणच्या परिसरात तयार झाले होते. भारतीय छीट इंग्लंडमध्ये आणण्यास तेव्हा कायद्याने बंदी असल्यामुळे ते जकात अधिकाऱ्यांनी जप्त केले होते, आणि आज ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

अनुवाद करणाऱ्यांसाठी आणखी एक खाचखळगा येथेच आहे. 1616 सालच्या आपल्या मृत्युपत्रात शेक्सपिअरने पत्नीला ‘दुसऱ्या क्रमांकाचा उत्तम पलंग, त्याच्या फर्निचरसह’ ठेवला. हे फर्निचर म्हणजे खुर्च्या-टेबले नव्हेत. पलंगाचे पडदे, झालरी आणि अंथरूण-पांघरूण असा त्याचा त्या काळचा अर्थ आहे. त्या ओळीचे मराठी करताना मी ‘पडदे, झालरी व बिछान्यासह’ असेच लिहीन.