भूकंप-व्यवस्थापनातील आयओटी व सिमँटिक तंत्रज्ञान

भूकंपमापक, मोबाइल, गॅस मीटर, लिफ्ट, रेल्वे अशी जाळ्यात जोडलेली उपकरणे (आयओटी) आणि त्यांच्याकडून येणाऱ्या नोंदींचा अर्थ संगणकाला लावता यावा अशी रचना (सिमँटिक तंत्रज्ञान) यांचा भूकंपकाळातील एकत्रित वापर. यात भाकीत नसते. भूकंप सुरू झालेला असतो. जोराचा हादरा पोहोचण्याआधी सावध करायचे आणि नंतर मदत कुठे धाडायची ते ठरवायचे, एवढेच काम.

भूकंपाचे प्राथमिक तरंग सेकंदाला साधारण ६ किमी, तर पडझड घडवणारे दुय्यम तरंग ३.५ किमीच्या आसपास धावतात. आधी पोहोचणारे प्राथमिक तरंग टिपून इशारा दिला, तर या फरकातून काही सेकंद हाती लागतात. जपानच्या हवामान संस्थेने १ ऑक्टोबर २००७ पासून असा इशारा सर्वसामान्यांना द्यायला सुरुवात केली. ११ मार्च २०११ च्या मोठ्या भूकंपात पहिला तरंग टिपल्यावर ८.६ सेकंदांत इशारा निघाला. टोकियोत गॅसवाहिन्यांवर सुमारे ४,००० संवेदक आहेत; जोराचा हादरा बसताच तिथला पुरवठा आपोआप तुटतो. आयओटी हा शब्द रुळण्याआधीपासून हे चालू आहे.

भूकंपाच्या केंद्राजवळ मात्र इशारा वेळेत पोहोचत नाही. किल्लारीला (३० सप्टेंबर १९९३) अशी यंत्रणा असती, तरी खुद्द गावाला तिचा उपयोग जवळजवळ शून्य ठरला असता. तिथे मजबूत घरेच हवी होती.

खरी अडचण उपकरणांपेक्षा अर्थाची आहे. मार्च २०११ च्या भूकंपानंतरच्या आठवड्यांत जपानमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी एकाच वेळी झालेले छोटे धक्के यंत्रणेने एकच मोठा भूकंप समजून चुकीचे इशारे दिले. संवेदकांनी धक्के बरोबर टिपले होते, कोणता धक्का कशाचा हे जुळवताना घोटाळा झाला. निरनिराळ्या संस्थांच्या नोंदी एकत्र आणताना तर हा प्रश्न आणखी वाढतो. त्यासाठी २०१७ मध्ये डब्ल्यूथ्रीसी (वेबची मानके ठरवणारी संस्था) व ओजीसी (भौगोलिक माहितीची मानके ठरवणारी संस्था) यांनी संवेदक, निरीक्षण, मोजलेला गुणधर्म यांच्यातील संबंध मांडणारी समाईक शब्दरचना प्रमाणित केली. इशाऱ्यांसाठी ‘कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल’ हा संदेशाचा ठरलेला साचा आहे: निकड, तीव्रता, खात्री हे रकाने ठरलेले, त्यामुळे एकच संदेश भोंगा, टीव्ही आणि मोबाइल तिघांनाही वाचता येतो.

भारतातील ‘सचेत’ ही आपत्तींचे इशारे देणारी यंत्रणा याच प्रोटोकॉलवर चालते. भूकंपाचा तत्काळ इशारा देणारे ॲप आयआयटी रुरकीने २०२१ मध्ये उत्तराखंडसाठी आणले. २०२३ पासून देशातील अँड्रॉइड फोनही आपल्या हालचाल-संवेदकांनी हादरे टिपू लागले आहेत.