गळा, पेटी आणि तबला: घरच्या रेकॉर्डिंगचं सामान घेण्याआधी

माइक कुठला घ्यायचा हे नंतर पाहू. आधी एवढं ठरवा: एका वेळी किती जण रेकॉर्ड होणार? माइक किती, इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा) केवढा आणि खर्च किती, हे सगळं त्यावर ठरतं.

इंटरफेस

आधी गाणं, मग पेटी, मग तबला असं एकेक भरणार असाल तर एका माइकचा इंटरफेस पुरतो. फोकसराइटचा स्कार्लेट सोलो त्यातला. गाताना पेटी स्वतःच वाजवत असाल तर दोन माइक इनपुट हवेत, म्हणजे स्कार्लेट २आय२ किंवा त्या तोडीचा. तबलजीही सोबत बसणार असतील तर माइक तीन लागतात, पण तीन प्रीअँपचे (माइकचा बारीक आवाज मोठा करणारा भाग) इंटरफेस क्वचितच दिसतात, म्हणून सरळ चारचा घ्या.

मात्र नावातल्या आकड्याला भुलू नका. स्कार्लेट ४आय४ मध्ये माइक प्रीअँप दोनच आहेत, उरलेले दोन लाइन इनपुट. त्यांत माइकचा आवाज नीट चढत नाही. खोक्यावर ‘माइक प्रीअँप’ किती लिहिलेत ते वाचा.

यूएसबी माइक एकट्याच्या निवेदनाला ठीक. दोन यूएसबी माइक एकदम लावले तर प्रत्येकाचं आतलं घड्याळ वेगळं चालतं आणि लांब रेकॉर्डिंगमध्ये तबला गाण्याच्या पुढे-मागे सरकू लागतो. समेला ते लगेच कळतं.

माइक

माइक मुख्यतः दोन जातींचे: वीज लागणारा, संवेदनशील कंडेन्सर आणि वीज न लागणारा डायनॅमिक. ‘कंडेन्सर घरातला सगळा गोंगाट ओढतो, डायनॅमिक ओढत नाही’ हे अर्धंच खरं. शुअरचा एसएम ५८ हा डायनॅमिक माइक ओठांना टेकवून गातात म्हणून खोलीचा आवाज कमी येतो. तोच फूटभर लांब ठेवा, खोलीचा आवाज जवळपास कंडेन्सरइतकाच येईल. शिवाय तेवढ्याच आवाजाला ऑडिओ-टेक्निका एटी २०२० हा कंडेन्सर सुमारे १४ मिलिव्होल्ट देतो आणि एसएम ५८ दोनसुद्धा देत नाही. मग गेन (माइकचा आवाज वाढवणारी खुंटी) चढवावा लागतो आणि स्वस्त प्रीअँपची सूं-सूं वर येते. बसून, शांतपणे गाणाऱ्याला आम्ही कंडेन्सरच सुचवतो. त्याला इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण लागतं. माइक लावताना-काढताना ते बंद ठेवा.

माइक तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला. पॉप फिल्टर (तोंडाचा वारा अडवणारी जाळी) माइकच्या चार बोटं पुढे. आपल्या भाषेत प, फ, भ पदोपदी येतात, ‘भक्ती’ म्हणताना सुटलेला वाऱ्याचा झोत एकदा धप्पकन भरला की नंतर नीट निघत नाही. वीतभराहूनही जवळ गेलात तर आवाज भरदार होतो पण शब्द गढूळ होतात.

पेटीचा माइक भात्यापासून दूर, तार सप्तकाच्या कडेला, फूटभर उंच आणि तोंड पेटीच्या मधोमध. नको असलेले स्टॉपर बंद करा. भात्याची कुरकुर आधीच दुरुस्त करून घ्या, मिक्सिंगमध्ये ती जात नाही. गाण्याचा माइक तोंडाच्या थोडा खाली ठेवून वर वळवा, म्हणजे त्याची बहिरी पाठ पेटीकडे येते.

तबल्याला दोन माइकांचा हट्ट धरू नका. दायाँ आणि डग्गा इतके जवळ असतात की दोन्ही माइकांत दोन्ही आवाज थोड्या फरकाने पोचतात आणि डग्ग्याचा घुमारा पोकळ होतो. दोघांच्या मध्ये, दीड फूट वरून एक माइक पुष्कळदा सरस ठरतो. दोन लावलेच तर मोनोत (दोन्ही ट्रॅक एकत्र करून) ऐका, एका ट्रॅकचं फेज बटण (आवाजाची लहर उलटी करणारं) उलटं करून पाहा आणि डग्गा ज्यात भरून येतो तीच बाजू ठेवा. डग्ग्यावर लो-कट (खालचे स्वर कापणारं बटण) नको.

सूर

जुनी पेटी ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला जुळलेली असेलच असं नाही. तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर नुसतं ‘काळी एक’ निवडून मोकळे होऊ नका, तो बारीक सरकवून पेटीला मिळवा. दायाँही पेटीलाच लावा. पेटीचा सूर बसल्या जागी हलवता येत नाही, बाकी दोघांचा येतो. तानपुरा हेडफोनमध्येच ऐका, आणि हेडफोन बंद पाठीचे हवेत. ब्लूटूथ नको, त्यात आवाज उशिरा येतो.

लेव्हल आणि बफर

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. एका माइकचा एक मिनिट सुमारे साडेआठ एमबी होतो. गेन बोलून लावू नका, सगळ्यात चढी तान घेऊन लावा, टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. लाल दिवा लागला की तो टेक गेला.

रेकॉर्डिंगला बफर (आवाजाचा केवढा तुकडा साठवून कॉम्प्युटर पुढे पाठवतो ते) १२८ सॅम्पल ठेवा (एका वाटेला २.७ मिलिसेकंद). मिक्सिंगला १०२४ चालेल, पण त्यावर गायलात तर २१ मिलिसेकंदांहून जास्त उशीर होऊन लय ओढल्यासारखी वाटते. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (हा उशीर कमी ठेवणारं सॉफ्टवेअर) टाका.

खोली

अंड्यांचे ट्रे लावू नका, उपयोग नाही. पातळ फोमही फक्त वरचे स्वर खातो आणि खोली कोंदट वाटू लागते. गोधडी लोक माइकच्या मागे टांगतात. ती हवी गाणाऱ्याच्या पाठीमागे, कारण माइकचं तोंड तिकडे असतं. उघड्या फरशीवर सतरंजी घाला. फरशीवरून उसळून येणारा आवाज थेट आवाजापेक्षा ३४ सेंटिमीटर जास्त फिरला तर एक मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि ५०० हर्ट्झला खड्डा पडतो, नेमका गळ्याच्या पट्ट्यात. तबला कोपऱ्यात मांडू नका, डग्गा गुरगुरतो.

पंखा बंद, फ्रिज तेवढ्यापुरता बंद. (परत चालू करायची आठवण म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा.)

घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. थांबला तर दोष अर्थिंगचा: चार्जर दोन पिनांचा असेल किंवा सॉकेटला अर्थच नसेल. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवरही कर्कश गुणगुण येते, वीज गेल्यावर बॅटरीवरच काम करा.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कंडेन्सर उघडा ठेवू नका. कॅप्सूलवर दमट हवा बसली की तडतड येते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलची पुडी पुरते.

माइक ऐकून घ्यायचा असेल तर आमच्याकडे येताना स्वतःची पेटी आणि लॅपटॉप आणा, लॅपटॉप चार्जरसकट.