मॅन्युअल गिअरची मोटार ट्रेलरवरून नेणे

क्लच आणि हाताने टाकायचे गिअर असलेली मोटार रस्त्यावर न चालवता ट्रेलरवर किंवा फ्लॅटबेड ट्रकवर चढवून, बांधून दुसरीकडे पोचवण्याची पद्धत. मोटारीमागे छोटा ट्रेलर जोडून त्यावर दुसरी मोटार नेण्याची युरोप-अमेरिकेतली रीत सोलापुरात जवळपास दिसत नाही. इथले काम चालते ते मागे कलणाऱ्या हायड्रॉलिक फ्लॅटबेडवर. पुणे–हैदराबाद (राष्ट्रीय महामार्ग ६५) आणि धुळे–विजयपूर (राष्ट्रीय महामार्ग ५२) हे रस्ते सोलापुरात एकमेकांना छेदतात, त्यामुळे वाटेत बंद पडलेल्या, ठोकलेल्या किंवा पुण्याहून विकत आणलेल्या जुन्या गाड्या शहरात अशाच येतात.

स्वस्तातला पर्याय म्हणजे टोचन, म्हणजे बंद गाडी दोराने दुसऱ्या गाडीमागे ओढत नेणे. ते गॅरेजपर्यंत ठीक. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको आणि मागच्या गाडीच्या स्टिअरिंगवर परवानाधारक माणूस हवा, असा नियम आहे. इंजिन बंद असताना पॉवर स्टिअरिंग जड होते आणि एक-दोनदा दाबल्यावर ब्रेकही कडक होतो, हे त्या मागच्या माणसाला आधी सांगावे लागते. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळणाऱ्या गाड्यांना, म्हणजे ॲम्बॅसडर, पद्मिनी, ओम्नी, बोलेरो यांना, मागची चाके रस्त्यावर ठेवून लांबवर ओढण्यात वेगळाच धोका आहे. न्यूट्रलमध्ये चाकांबरोबर गिअरबॉक्सचा बाहेरचा शाफ्ट फिरत राहतो, पण इंजिन बंद असल्याने खालचा शाफ्ट थांबलेला असतो. तेल उडवण्याचे काम हा खालचा शाफ्टच करतो. तो थांबला की वरची बेअरिंगे कोरडी फिरतात. पन्नास-शंभर किलोमीटर जायचे असेल तर गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, सोडवावा, नाहीतर सरळ चारही चाके उचलून न्यावीत. चारही चाकांना जोर मिळणाऱ्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीला तर दुसरा मार्गच नाही.

चढवताना मॅन्युअल गाडीची सोय दिसते. बॅटरी मेलेली असली तरी दांडा हाताने न्यूट्रलला येतो, ऑटोमॅटिकसारखी खटपट नाही. मात्र किल्ली फिरवून स्टिअरिंगचे कुलूप सोडवायला हवे, नाहीतर विंचने, म्हणजे ट्रकवरच्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, ओढताना पुढची चाके वळत नाहीत आणि गाडी तिरकी चढते. बटणाचा हँडब्रेक असेल तर बॅटरी संपण्याआधीच सोडलेला बरा. विंचचा हुक बंपरला किंवा सस्पेन्शनच्या हाताला कधीच लावू नये. डिकीतल्या हत्यारांत एक कडी असते, ती बंपरवरची छोटी टोपी काढून आत फिरवायची. अनेक गाड्यांत तिचे आटे उलटे असतात, म्हणून ‘बसत नाही’ म्हणत लोक तिला अर्धवटच ठेवतात. कडी शेवटपर्यंत बसली नाही तर ओढताना वाकते किंवा निसटते. चालू गाडी पहिल्या गिअरमध्ये अर्ध्या क्लचवर चढवणारेही आहेत. उतार तीव्र असेल तर क्लचप्लेट जळल्याचा वास येतो, आणि बुटकी गाडी मधल्या कडेवर घासते. विंच सावकाश चालते, पण तिच्यात नुकसान कमी.

वर चढल्यावर इंजिन बंद, पहिला किंवा रिव्हर्स गिअर, आणि हँडब्रेक. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत गिअर पुढची चाके धरतो, हँडब्रेक मागची. गिअरमध्ये ठेवल्याने हिसक्यांनी दाते खराब होतात, म्हणून न्यूट्रलच बरा, असे काही चालक ठासून सांगतात. ही भीती मुळात ऑटोमॅटिकच्या ‘पार्क’मधल्या छोट्या खिट्टीची आहे. मॅन्युअलचे दाते रोज त्याहून मोठा भार सोसतात. उलट मूळ प्रश्न असा की गिअर आणि हँडब्रेक या दोहोंचा जोर शेवटी टायर आणि लोखंडी पत्र्याच्या घर्षणावर टिकतो. गाडी धरतात ते पट्टे.

जोराच्या ब्रेकला भाराच्या वजनाच्या ८० टक्के आणि वळणावर बाजूला ५० टक्के इतका जोर सोसेल अशी बांधणी हवी, असे युरोपीय मानक आहे. ९०० किलोची छोटी हॅचबॅक धरली तरी पुढच्या दिशेला सातशे किलोंचा हिसका. म्हणून चारही चाकांवरून रॅचेटचे, म्हणजे दांडा मागेपुढे करून आवळायचे, पट्टे घ्यावेत. बॉडीला किंवा चासिसला बांधले तर प्रत्येक स्पीडब्रेकरवर स्प्रिंग दबते आणि पट्टा क्षणभर सैल पडतो, आणि असा सैल पडलेला हुक सुटतो. चाकावर बांधले की गाडी आपल्या स्प्रिंगवर डुलते आणि टायर जागचा हलत नाही. चाकांना लाकडी ठोकळे हवेतच. अनेक फ्लॅटबेडवर त्यांच्या जागी रस्त्यावरचा दगड असतो, तो पहिल्याच खड्ड्यात घरंगळतो. पट्टा सुरुवातीला ताणून बसतो, त्यामुळे शहराबाहेर पडल्यावर, पुण्याकडे जाताना मोहोळच्या आधीच कुठेतरी, थांबून रॅचेट पुन्हा आवळावे. उन्हात महिनोन्‌महिने पडलेला, कडेने पांढुरका झालेला पट्टा फेकून द्यावा. मे महिन्यात चाळिशी सहज ओलांडणाऱ्या सोलापुरात हे लवकर होते.

छोटा दोनचाकी ट्रेलर वापरलाच तर इंजिनाची बाजू पुढे ठेवावी. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडणीच्या कडीवर यायला हवा. मागे जास्त झाला की ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. तेव्हा ब्रेक दाबायचा नाही, ॲक्सिलरेटर हळूच सोडायचा.

मार्गाचेही बघावे लागते. गाळपाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर अंधारात मागच्या दिव्याशिवाय चालतात. कोजागरीला तुळजापूरला पायी निघालेल्या भाविकांमुळे त्या रस्त्याची वाहतूक वळवतात, तर आषाढीत पंढरपूरच्या रस्त्यांवर तोच प्रकार. तुळजापूरचा घाट फार मोठा नाही, पण उतरताना भरल्या फ्लॅटबेडने खालच्या गिअरमध्येच यावे.

उतरवताना आधी विंचचा दोर ताणून घ्यायचा, मग पट्टे सोडायचे, शेवटी कोणी आत बसून गिअर काढायचा. घाईत हा क्रम उलटतो. आणि किल्ली मारण्याआधी दांडा डावी-उजवीकडे हलवून बघावा: गिअरमध्ये राहिलेल्या जुन्या गाडीला क्लच न दाबता स्टार्टर मारला तर ती फ्लॅटबेडवरच उडी घेते.