लेप्टोचा रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला म्हणून भांडायला येण्याआधी

भाताची लावणी सुरू झाली की आमच्या लॅबच्या काउंटरवर रोज तेच. “काल रात्री ताप आला, लेप्टोची टेस्ट करा.” लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप. टेस्ट करतो. निगेटिव्ह येते. सहाव्या दिवशी दुसरीकडे पॉझिटिव्ह येते आणि आम्हाला फोन: “तुमचा रिपोर्ट खोटा!”

रिपोर्ट बरोबर असतो, रक्त लवकर दिलेलं असतं. लेप्टोसाठी आम्ही करतो ती आयजीएम टेस्ट जंतू शोधत नाही, जंतूंविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटीबॉडी शोधते. त्या सापडण्याइतक्या व्हायला ताप आल्यापासून साधारण पाच ते सात दिवस लागतात. भात पेरल्याच्या दुसऱ्या दिवशी तरवा काढायला कोणी जातं का? पहिल्या दिवसांत पीसीआर (थेट जंतूचा अंश शोधणारी टेस्ट) होऊ शकते, पण ती महाग, नमुना बाहेर पाठवावा लागतो, आणि अँटिबायोटिक पोटात गेल्यावर तिचाही भरवसा कमी होतो.

मग दुसऱ्या दिवशी यायचंच नाही का? या. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), बिलिरुबिन (काविळीसाठी) या टेस्ट तेव्हाही उपयोगी पडतात. लेप्टोसाठी तापाच्या पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा रक्त द्या. पहिला नमुना आमच्याकडे दिला असेल तर दुसऱ्याचे निम्मेच पैसे घेतो. टेस्टची वाट बघत औषध मात्र थांबवू नका. डॉक्टर लक्षणं बघून गोळ्या सुरू करतात ते योग्यच आहे. लघवी कमी झाली, डोळे पिवळे झाले किंवा धाप लागली तर लॅबमध्ये येऊच नका, थेट हॉस्पिटल गाठा.

काउंटरवरच्या चौकशीचा काहींना राग येतो. चिखलात उतरला होता का, पायाला चीर आहे का, हे आम्ही विचारतो, कारण उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातला जंतू तिथून शिरतो. काखेत-जांघेत विडीने भाजल्यासारखा काळा डाग असेल तर लाजू नका, तो स्क्रब टायफस या दुसऱ्या तापाचा असू शकतो. काजूच्या हंगामात ताप आला तर प्रश्न वेगळे: बागेत गेला होता का? आसपास माकड मेलं होतं का? १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला माकडताप २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोचला. तो गोचिडीमुळे होतो. त्याची टेस्ट आम्ही करत नाही, सरकारी दवाखान्यातून नमुना पुढे जातो. अशांना आम्ही पैसे न घेता तिकडेच पाठवतो.

एक विनंती. ताप कोणत्या तारखेला सुरू झाला ते चिठ्ठीवर लिहून आणा. “झाले असतील तीन-चार दिवस” म्हटलं की आमचा अंदाज चुकतो, तुमची फेरी वाया जाते. चालवत नसेल तर आदल्या संध्याकाळी फोन करा, सकाळी सातनंतर आमचा माणूस घरी येऊन रक्त नेईल.