एंडोमेट्रिओसिस: नर्सची जागा कशी तयार झाली

पाळीत मुलगी कळवळायला लागली की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘लग्न होऊ दे, एखादं मूल झालं की थांबेल.’ आपण याला आज्यांचा सल्ला समजतो, पण एके काळी नावाजलेले डॉक्टरही हेच सांगत.

गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बीजांडकोशांवर, आतड्यांवर, ओटीपोटात वाढतो, तो हा आजार. अमेरिकेत ऑल्बनीच्या जॉन सॅम्पसन यांनी १९२०च्या दशकात त्याचं एंडोमेट्रिओसिस हे नाव रूढ केलं. पाळीचं रक्त बीजवाहिन्यांतून उलटं पोटात जातं, हे कारणही त्यांनीच मांडलं. पुढे बॉस्टनच्या जो मेग्ज यांनी उशिरा होणाऱ्या लग्नांना आणि बाळंतपणांना दोष दिला. लवकर लग्न, लवकर मूल हा त्यांचा उपाय. शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या बाईचं दुखणं असं तिच्याच माथी मारलं गेलं, आणि हे मला फार अन्यायाचं वाटतं.

१९६०-७०च्या दशकांत लॅपरोस्कोपी, म्हणजे छोट्या छेदातून दुर्बिणीने पोटात पाहण्याची पद्धत आली, पाठोपाठ हार्मोनची औषधं आली. तरी ‘दुखतंय’ म्हणणाऱ्या बाईचं ऐकून घेणारं कुणी नव्हतं. १९८० साली अमेरिकेतल्या मिलवॉकीत रुग्ण स्त्रियांनी स्वतःच एंडोमेट्रिओसिस असोसिएशन काढली आणि एकमेकींचे अनुभव गोळा करायला सुरुवात केली. स्वतःची काळजी कशी घ्यायची, हे बोलणं खऱ्या अर्थाने तिथून उघडपणे होऊ लागलं.

नर्सला यात पक्कं स्थान मिळालं ते ब्रिटनमध्ये. या आजाराच्या खास केंद्रांत सर्जनच्या जोडीला प्रशिक्षित नर्स असावी, असं तिथे ठरत गेलं. तिला काय काय यायला हवं, याची चौकट रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने २०१५मध्ये आखली, आणि २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही अशा केंद्रांत ती हवी असं म्हटलं. गरज किती होती पाहा: २०२०च्या संसदीय गटाच्या अहवालानुसार तिथे निदानाला सरासरी आठ वर्षं लागत होती.

ही नर्स करते काय? डॉक्टरांसमोर जे तोंडातून निघत नाही, ते विचारते: संडासला बसताना दुखतं का, संबंधांच्या वेळी दुखतं का. हार्मोनच्या गोळ्यांनी मध्येच रक्तस्राव झाला तर घाबरून औषध बंद करू नका, आधी फोन करा, असं बजावते. नोंदवही ठेवायला शिकवते: तारीख, दुखणं दहापैकी किती, कुठे, कोणती गोळी घेतली, कामाला जाता आलं का. शेक घेतल्याने, ओटीपोटाच्या स्नायूंच्या फिजिओथेरपीने कितपत आराम पडला, तेही त्यातच. डॉक्टरांच्या दहा मिनिटांत अशी दोन-तीन महिन्यांची पानं पुढे ठेवली की ‘पाळीत दुखतंच’ म्हणून वाटेला लावणं अवघड होतं.

आपल्याकडे मुंबईत, परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने भारतीय स्त्रियांमधल्या या आजाराच्या अभ्यासात पुढाकार घेतला आहे. आणि त्या जुन्या सल्ल्याचं म्हणाल, तर २०२२च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय: केवळ आजार बरा व्हावा म्हणून कुणालाही गरोदर राहायला सांगू नये.