वामकुक्षी

वामकुक्षी म्हणजे दुपारचं जेवण झाल्यावर थोडा वेळ डाव्या कुशीवर आडवं होणं. बोलण्यात आता दुपारच्या कुठल्याही झोपेला हा शब्द चालतो, बहुतेक वेळा थट्टेनं, आणि जेवून दोन तास ताणून देणारा माणूसही उठल्यावर वामकुक्षीच झाली म्हणतो.

शब्द संस्कृत आहे. वाम म्हणजे डावं आणि कुक्षि म्हणजे पोट किंवा कूस (मराठीतला कूस हा शब्द त्यातूनच आला), म्हणजे शब्दाचा अर्थ नुसता 'डावी कूस', झोप त्यात कुठेच नाही. गुजरातीतही हा शब्द याच अर्थानं चालतो.

खरा घोळ आहे तो ग्रंथांच्या आधाराचा. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथाच्या सूत्रस्थानात (स्थान म्हणजे ग्रंथाचा विभाग) जेवणानंतर काय करावं ते सांगितलंय, की अन्नाचा शीण जाईपर्यंत राजासारखं आरामात बसावं, मग शंभर पावलं चालावं आणि मग डाव्या बाजूवर 'संविशेत्'. शतपावली आणि वामकुक्षी अशी एका ओळीत भेटतात. (या संहितेचा काळ इसवी सनाच्या आगेमागे काही शतकं असा ढोबळच धरावा, कारण आजचं तिचं रूप एका हातचं नाही.) पण त्याच संहितेचं शारीरस्थान उघडलं तर तिथे उन्हाळा सोडून बाकी सगळ्या ऋतूंत दिवसा झोपायला मनाई, मग पुढे सवलती, म्हणजे लहान मुलं, म्हातारी माणसं, थकलेले वगैरेंना एक मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटं चालेल, आणि रात्री जागरण झालं असेल तर जागलेल्या वेळेच्या निम्मी झोप दिवसा घ्यावी. मग डाव्या कुशीवर नक्की करायचं काय? संविशेत् या क्रियापदाचे 'आडवं व्हावं' आणि 'झोपावं' असे दोन्ही अर्थ होतात, त्यामुळे काहीजण यातून सरळ दुपारची झोप काढतात, काहीजण नुसतं लवंडणं. लवंडण्याचा अर्थ घेतला तर दोन्ही स्थानांचा मेळ बसतो, म्हणून तोच जास्त पटण्यासारखा वाटतो. चरकसंहितेत आणखी एक मजेशीर बारकावा आहे, की रात्रीचं जागरण रूक्ष म्हणजे शरीर कोरडं करणारं, दिवसाची झोप स्निग्ध म्हणजे ओशटपणा वाढवणारी, पण बसल्याबसल्या काढलेली डुलकी यातलं काहीच करत नाही. ऑफिसात खुर्चीत पेंगणाऱ्यांना एवढा जुना आधार मिळतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

नंतरच्या काळातल्या, म्हणजे योगरत्नाकरासारख्या बहुधा सतराव्या शतकाच्या आसपासच्या ग्रंथात श्वास मोजायची रीत येते. उताणं पडून ८ श्वास, उजव्या कुशीवर १६, डाव्या कुशीवर ३२, आणि मग हवं तसं झोपावं. कारण असं दिलंय की अग्नी, म्हणजे अन्न पचवणारी आग, नाभीच्या वर डावीकडे असतो. हे सगळे मिळून ५६ श्वास होतात, माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो, म्हणजे सगळा प्रकार तीन ते पाच मिनिटांचा. ताणाच्या दिवसांत हीच रीत कामाची आहे, डोळा लागो न लागो, मोजण्यात लक्ष गुंतलं की श्वास आपोआप संथ होतो आणि डोक्यातली कामांची यादी तेवढ्यापुरती बाजूला राहते.

डाव्या कुशीचं आजच्या वैद्यकातलं कारण वेगळं आहे. डावीकडे वळलं की अन्ननलिकेचं तोंड जठरातल्या आम्लाच्या वर राहतं, त्यामुळे जळजळ आणि आंबट ढेकर कमी होतात. पण जठर लवकर रिकामं व्हायला उजवी कूस बरी पडते असं दिसतं, तेव्हा 'डाव्या कुशीवर पचन भराभर होतं' हे सरसकट म्हणणं जपूनच घ्यावं. दुपारी पेंग येते त्याला नुसता भात जबाबदार नाही, शरीराच्या घड्याळातच दुपारचा एक उतार असतो, न जेवताही तो येतो. झोप अर्ध्या तासाच्या पुढे गेली तर उठल्यावर डोकं जड होतं. नासाच्या वैमानिकांवरच्या प्रयोगात ४० मिनिटांची मुभा होती, त्यात माणसं सरासरी २६ मिनिटं झोपली आणि नंतर जास्त सावध राहिली.

महाराष्ट्रात ही सवय जास्त जोडली जाते ती पुण्याशी, दुपारी १ ते ४ दुकान बंद या पाटीमुळे. चितळे बंधूंनी जुलै २०१७ पासून दुकान दुपारीही उघडं ठेवायला सुरुवात केली तेव्हा त्याची चक्क बातमी झाली होती. गोव्यात दुपारी दुकानं बंद ठेवायची सवय बऱ्याच ठिकाणी अजून टिकून आहे, तिथलं सुशेगाद पोर्तुगीज 'सोसेगादो', म्हणजे शांत, निवांत, यावरून आलं. घराघरांतल्या वामकुक्षीबद्दल लिहिलेलं फार सापडत नाही, पण पुरुष जेवून आडवे झाले की घरातल्या बाईचं ताट, मग भांडी, मग ओटा, आणि तिची पाठ चटईला टेकेपर्यंत चहाची वेळ झालेली असायची.